शाळा बंद, हजेरी चालू

मार्च २०२०च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा ती पंधरा दिवसांची सुटी वाटली होती. दहावीची मुले बोर्डाचे पेपर देत होती. त्यांचा शेवटचा, भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. धाकट्यांना परीक्षेविनाच वरच्या वर्गात घातले. वसईच्या कॅथलिक शाळांत तेव्हा उपवासकाळ चालू होता, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. त्या वर्षी गुड फ्रायडे १० एप्रिलला आला आणि ईस्टर १२ एप्रिलला. दोन्ही दिवशी चर्चची दारे बंद होती, शेजारच्या शाळेची तर होतीच. लोकल थांबल्यामुळे दूरवरून येणारे शिक्षक आपापल्या घरी अडकून पडले होते.

मग ती सुटी लांबत गेली. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. मार्च २०२०मध्ये बालवाडी संपवलेले मूल प्राथमिक शाळेच्या बाकावर पहिल्यांदा बसले तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, ते वेगळेच.

या काळात मुलांचा अभ्यास किती बुडाला याची मोजदाद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१मध्ये पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. आदल्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले विसरली होती, गणितातले ८२ टक्के. पण शाळेबरोबर आणखी एक गोष्ट बंद होते आणि ती गुणपत्रिकेत दिसत नाही. रोज सकाळी वर्गात कोणीतरी नाव पुकारते आणि मूल ‘हजर’ म्हणते. ते आज गप्प का, डोळे का सुजलेत, डबा का आणला नाही, दोन दिवस आलेच का नाही, हे आईबापांखेरीज आणखी एका मोठ्या माणसाच्या ध्यानात येते. या लक्ष असण्याचा मुलाच्या प्रकृतीशी थेट संबंध आहे. शाळा बंद ठेवण्याची वेळ पुन्हा आली तर सगळ्यात आधी ही हजेरी वाचवायला हवी, आणि ती कशी वाचते किंवा कशी हातची जाते हे कॅथलिक शाळांच्या अनुभवातून फार स्पष्ट दिसते.

आधी विज्ञान काय सांगते ते पाहू. १९९७मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या बारा हजारांवर किशोरवयीन मुलांचा एक मोठा अभ्यास आला. शाळेत आपल्याला आपले मानतात, शिक्षक आपल्याशी नीट वागतात, असे ज्या मुलांना वाटत होते, त्यांच्यात मानसिक ताण, आत्महत्येचे विचार, मारामारी, दारू, सिगारेट यांचे प्रमाण कमी आढळले. घरच्यांशी जवळीक आणि शाळेशी जवळीक या दोन गोष्टींचे संरक्षण जवळजवळ प्रत्येक धोक्यापुढे टिकले. शाळेच्या आकाराने किंवा वर्गातल्या मुलांच्या संख्येने तितका फरक पडत नव्हता. संशोधक या जवळिकीला ‘स्कूल कनेक्टेडनेस’ म्हणतात. मराठीत त्याला शाळेशी नाळ असणे म्हणता येईल.

कोविडमध्ये या नाळेची परीक्षाच झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जानेवारी ते जून २०२१ या काळात नववी ते बारावीच्या मुलांची देशव्यापी पाहणी केली. शाळेतल्या माणसांशी आपली जवळीक आहे असे सांगणाऱ्या मुलांत सतत उदास किंवा हताश वाटणाऱ्यांचे प्रमाण ३५.४ टक्के होते, तसे न वाटणाऱ्यांत ५२.९ टक्के. आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५.८ टक्के आणि दुसऱ्यात ११.९ टक्के, म्हणजे दुप्पट. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम वेगळे काढता येत नाहीत हे खरे. उदास मूल आपण होऊनही माणसांपासून दूर जाते. तरी १९९७चा निष्कर्ष आणि महासाथीतला निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि दूर जाणाऱ्या मुलाला ओळखण्यासाठीसुद्धा कोणाचे तरी लक्ष असावेच लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२०मध्येच ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सोडून ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली, तीही याच कारणाने. आपल्याकडे मात्र ‘सोशल डिस्टन्सिंग’ हाच शब्द रिक्षांच्या पाठीवर रंगवला गेला.

आता कॅथलिक शाळांकडे वळू. माणसांची नाळ आणि शाळा यांचा संबंध दाखवणारे समाजशास्त्रातले एक गाजलेले काम याच शाळांवर झाले आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९८०च्या दशकात पाहिले, की दहावी ते बारावीदरम्यान शाळा सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सरकारी शाळांत १४.४ टक्के, इतर खासगी शाळांत ११.९ टक्के, पण कॅथलिक शाळांत अवघे ३.४ टक्के आहे. त्यांनी दिलेले कारण शिकवण्याच्या पद्धतीतले नव्हते. या शाळांतल्या मुलांचे पालक शाळेबाहेरही एकमेकांना ओळखतात, रविवारी एकाच चर्चमध्ये भेटतात, एकमेकांच्या मुलांवर नजर ठेवतात. मूल घसरू लागले तर चार माणसांना कळते. कोलमन यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, कारण कॅथलिक शाळेत मूल घालणारे पालक मुळातच अधिक जागरूक असू शकतात. पण त्यांनी सांगितलेली यंत्रणा वसईत, वांद्र्यात किंवा गोव्यात राहणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल.

वसईत तर ती फारच घट्ट आहे. गावाच्या मध्ये चर्च, त्याला लागून शाळा, पलीकडे सिस्टरांचे कॉन्व्हेंट. सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा समाजांची घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच धर्मग्रामात. धर्मग्रामाचे वस्तीवार लहान समूह असतात, घरोघरी प्रार्थनेला जमणारे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गरजू घरांना भेटी देत असतात. साथीच्या काळात ही सारी वीण कामाला आली. मिस्सा यूट्यूबवर सुरू झाली, रोजरीच्या प्रार्थना व्हॉट्सअॅपवर, धर्मशिक्षणाचे वर्ग मोबाइलवर. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचे काम सुटले आहे, हे फादरांपर्यंत पोचत होते. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी असतानाही कोण गेले ते गावाला कळत होते.

म्हणजे कॅथलिक शाळेचा परिवार टिकला का? धर्मग्राम बऱ्यापैकी टिकला. शाळेबद्दल तसे सरसकट म्हणता येत नाही, कारण धर्मग्राम आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांत ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर आहेत. वसईच्या शाळेत कुपारी मुलाशेजारी नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारे उत्तर भारतीय कुटुंबातले मूल बसते, आदिवासी पाड्यावरची मुलगी बसते, मुस्लिम फेरीवाल्याचा मुलगा बसतो. त्यांचे आईबाप रविवारी चर्चच्या आवारात भेटत नाहीत. वस्तीच्या समूहात त्यांचे नाव नसते. फादरांच्या वहीतही नसते. शाळेशी त्यांना बांधणारा एकच धागा असतो आणि तो म्हणजे खुद्द शाळेत जाणे. शाळा बंद झाली की कॅथलिक मुलासाठी एक दार बंद होते, पण दुसरे किलकिले राहते. उरलेल्या तीन-चतुर्थांश मुलांसाठी ते एकच दार असते.

त्यांच्या वाट्याला वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आला. त्या ग्रुपवर पीडीएफ यायच्या, व्हिडिओ यायचे, सकाळची प्रार्थना यायची, ‘गुड मॉर्निंग टीचर’ असे साठ संदेश यायचे. राज्य शासनाची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला होती, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका होती. या सगळ्यामागे कष्ट होते आणि त्यातून काही मुले शिकलीही. पण ऑगस्ट २०२१मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांत जाऊन विचारले, तेव्हा ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के निघाली, शहरांत २४ टक्के. घरात स्मार्टफोन असला तरी तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात जातो. गोव्यात आणि कोकणात मुले रेंजसाठी डोंगर चढत होती, ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत.

फोन नसणे ही अर्धी अडचण झाली. ग्रुपवर संदेश टाकणे म्हणजे दवंडी पिटणे. दवंडी सगळ्यांच्या कानावर जाते, पण कोणी ऐकली नाही हे दवंडीवाल्याला कळत नाही. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर चौकात पावसात उभे राहिले. ते दृश्य जगभर पाहिले गेले आणि कित्येकांना त्यातून धीर मिळाला. पण त्या पडद्यातून पाहणाऱ्याचे डोळे सुजले आहेत का ते दिसत नाही. ऑनलाइन प्रार्थना, ऑनलाइन स्नेहसंमेलन, शाळेच्या सणाचा व्हिडिओ यांना ही मर्यादा कायमच राहणार. साठ मुलांच्या ग्रुपवर चाळीस अंगठे आले की वर्ग ‘जोडलेला’ वाटतो, आणि नेमकी ती वीस मुले दिसेनाशी होतात ज्यांच्यासाठी जोडून ठेवण्याचा खटाटोप करायचा.

नुसत्या कॅथलिक या नावाने किंवा परंपरेने हे टळत नाही, याचा पुरावा युरोपातही आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात कॅथलिक प्राथमिक शाळांचे मोठे जाळे आहे. जून २०२०मध्ये तिथल्या सहावीच्या मुलांच्या चाचण्या आधीच्या वर्षांच्या तुकड्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मुले गणितात आणि भाषेत मागे पडली होती. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे एकाच शाळेतल्या मुलामुलांमधली दरी रुंदावली होती, आणि गरीब घरची मुले जास्त असलेल्या शाळांचे नुकसान अधिक होते. शाळा एक, फादर एक, प्रार्थना एक. तरी कोणी पोचले आणि कोणी गळाले.

मग काय उपयोगी पडते? याचे एक नेमके उत्तर आफ्रिकेतल्या बोट्स्वानातून आले. २०२०मध्ये शाळा बंद असताना तिथे साडेचार हजार कुटुंबांवर रीतसर प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताचा एक एसएमएस जायचा. काही घरांना एसएमएस आणि त्यासोबत पंधरा-वीस मिनिटांचा एक फोन. काहींना काहीच नाही. फोन साधाच, इंटरनेट नाही, स्मार्टफोन नाही. नुसत्या एसएमएसने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फोन आलेल्या घरांतली मुले गणितात स्पष्टपणे पुढे गेली. पुढे असाच प्रयोग भारतासह आणखी पाच देशांत झाला आणि तिथेही फोनने काम केले. सरकारी शाळांच्या शिक्षकांनी केलेले फोन संस्थांच्या माणसांच्या फोनइतकेच उपयोगी ठरले. हे प्रयोग गणितापुरते होते, मनःस्वास्थ्याचे नव्हते. पण एक गोष्ट त्यांतून पक्की होते. संदेश तोच असला तरी तो नाव घेऊन, ठरलेल्या दिवशी, माणसाच्या आवाजात आला की घरात काहीतरी हलते. पालकही बसतात, मूलही बसते.

शंभर वर्षांपूर्वी हे काम फोनविना झाले होते आणि तेही कॅथलिक शाळांच्याच माणसांकडून. आपल्याकडे ज्या साथीला मानमोडी म्हणत, ती १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात भयंकर पसरली. २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच रुग्णालये भरून वाहू लागली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळा, चर्च, नाट्यगृहे बंद झाली. काही आठवड्यांत बारा हजारांवर माणसे गेली. शहरातल्या कित्येक परिचारिका युद्धावर गेलेल्या होत्या. तेव्हा आर्चबिशप डेनिस डॉहर्टी यांनी बंद पडलेल्या शाळांच्या इमारती रुग्णांसाठी खुल्या केल्या आणि सिस्टरांना आजाऱ्यांच्या सेवेला जाण्याची परवानगी दिली. दोन हजारांवर सिस्टर कामाला लागल्या. त्यांतल्या बहुतेक शाळेत शिकवणाऱ्या होत्या, शुश्रूषेचे शिक्षण त्यांना नव्हते. त्या रुग्णालयांत गेल्या आणि घरोघरीही गेल्या. अख्खे घर तापाने पडलेले, मुलांना पाणी द्यायला कोणी नाही, शेजारी भीतीने दार उघडत नाहीत, अशा घरांत त्यांनी चूल पेटवली, अंथरुणे बदलली, मुलांना खाऊ घातले. त्यांच्या आठवणी पुढच्याच वर्षी, १९१९मध्ये, छापून आल्या. काही सिस्टर स्वतः या साथीत दगावल्या. शहराच्या महापौरांनी आभार मानताना आवर्जून सांगितले, की त्यांनी आजाऱ्याचा पंथ पाहिला नाही की रंग पाहिला नाही.

कोविडच्या काळात सिस्टरांनी घरोघरी जायला हवे होते, असा याचा अर्थ नाही. तसे करणे धोक्याचे होते आणि नियमांत बसणारेही नव्हते. मुद्दा वेगळा आहे. त्या बायकांनी कोणत्या दारावर जायचे हे चर्चच्या नोंदवहीवरून ठरवले नाही. आजच्या शाळेलाही तसेच करता येते. तिच्याकडे त्यासाठी धर्मग्रामाच्या वहीपेक्षा मोठी वही आहे, आणि ती म्हणजे हजेरीपट. त्यात कॅथलिक, हिंदू, मुस्लिम, बौद्ध, आदिवासी सगळ्यांची नावे एका ओळीत असतात.

हिशेब अवघड नाही. वर्गात साठ मुले धरली आणि प्रत्येकाला पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन करायचा ठरवला, तर सहाशे मिनिटे होतात, म्हणजे दहा तास. कामाचे दहा दिवस धरले तर रोज एक तास. ऑनलाइन तासिका, त्यांची तयारी, फोटो काढून पाठवलेल्या वह्या तपासणे यांत शिक्षकांचा जो वेळ गेला, त्यातून एक तास निघू शकला असता. बोलायचे काय, हेही साधे आहे. जेवण काय झाले, झोप लागते का, घरात कोण आजारी आहे, दिवसभर कोणाशी खेळतोस, काल दिलेले वाचलेस का. बोलणे आधी पालकांशी, मग त्यांच्या समोर मुलाशी. काही काळजीचे वाटले तर पुढे कोणाला सांगायचे ते ठरलेले हवे: शाळेतली समुपदेशक, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन, मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक. तीन वेळा फोन लागला नाही तर त्या वस्तीतला माजी विद्यार्थी किंवा शेजारचा पालक जाऊन निरोप आणेल, अशी सोय हवी. कॅथलिक शाळांना हे इतरांहून सोपे आहे, कारण त्यांच्याकडे माजी विद्यार्थ्यांची फौज असते आणि धर्मग्रामात घरोघरी जायची सवय असलेली माणसे असतात. आजवर ती माणसे आपल्या घरांत जात आली. यादी बदलली की ती इतरांच्याही दारापर्यंत जातील.

यावर शिक्षकांचा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. साथीत अनुदानित शाळांच्या शिक्षकांना सर्वेक्षणाला जुंपले, नाक्यांवर उभे केले. विनाअनुदानित शाळांत अनेकांचे पगार कापले गेले. अशा माणसाला आणखी एक काम सांगताना व्यवस्थापनाने आधी दुसरे काहीतरी कमी केले पाहिजे, आणि फोनच्या रिचार्जचे पैसेही दिले पाहिजेत. ही क्षुल्लक बाब वाटेल, पण फोन करण्याची चांगली कल्पना बहुधा अशाच क्षुल्लक बाबीवर अडते. शिवाय ऐकणाऱ्यालाही ऐकवायला कोणी लागते. दिवसात तीन घरी मृत्यू झाल्याचे ऐकलेल्या शिक्षिकेने रात्री काय करायचे? मुख्याध्यापिकेने आठवड्यातून एकदा प्रत्येक शिक्षकाला असाच फोन करावा, हे हजेरीच्या या पद्धतीत धरलेलेच असायला हवे.

फीचा प्रश्न त्याहून कडू आहे. फी थकली म्हणून मुलाला ऑनलाइन वर्गातून काढल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. सर्वोच्च न्यायालयाला ३ मे २०२१ रोजी राजस्थानातल्या खासगी शाळांच्या प्रकरणात सांगावे लागले, की थकलेल्या फीमुळे कोणाला वर्गाबाहेर ठेवू नका. शाळांची बाजूही आहे. अमेरिकेत कॅथलिक शाळांची पटसंख्या २०२०-२१ या एका वर्षात ६.४ टक्क्यांनी घसरली आणि दोनशेच्या वर शाळा कायमच्या बंद पडल्या. पैशाशिवाय शाळा चालत नाही. पण थकबाकीची आठवण आणि मुलाची विचारपूस एकाच फोनवर करू नये. पहिल्या फोनवर फीचा विषय निघाला की दुसरा फोन उचलला जात नाही, आणि ज्या घरात काम सुटले आहे, आजार आहे, नेमके तेच घर हजेरीतून गळते. फीसाठी कार्यालयाने पत्र लिहावे. वर्गशिक्षिकेच्या तोंडी तो शब्द नसावा.

या काळातली एक चांगली गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. शाळा बंद असल्या तरी पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळी शाळेतून पालकांना वाटायच्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून या विषयाची दखल घेतली होती. ज्या अनुदानित शाळांत हे वाटप नीट झाले, तिथे आई पिशवी घेऊन रांगेत उभी राहायची, अंतरावर, तोंडाला रुमाल बांधून, आणि टेबलामागे मास्क लावलेल्या बाई यादीवर खूण करायच्या. खूण करताना दोन वाक्ये बोलली जायची. पोरगा कसा आहे? गावी गेलात का? शाळेची खरी हजेरी त्या दिवशी तांदळाच्या यादीवर लागत होती. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत ही रांगही नव्हती.

शाळा बंद ठेवण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. सप्टेंबर २०२३मध्ये निपाहमुळे केरळातल्या कोझिकोड जिल्ह्यातल्या शाळा दहा-बारा दिवस बंद होत्या. दिल्लीत २०२३ आणि २०२४च्या नोव्हेंबरात विषारी हवेमुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दहा दिवसांसाठी कोणी योजना आखत नाही. पण वीस महिन्यांची सुटीही पंधरा दिवसांची म्हणूनच सुरू झाली होती.

अशी तयारी जूनमध्ये करायची असते, प्रवेशाचे अर्ज भरून घेताना. बऱ्याच कॅथलिक शाळांच्या अर्जावर कॅथलिक विद्यार्थ्याच्या धर्मग्रामाचे नाव विचारणारा रकाना असतो. इतर मुलांच्या बाबतीत तो कोरा राहतो. त्याच्याखाली सर्वांसाठी आणखी एक रकाना छापायला काही खर्च येत नाही: घरचा फोन लागला नाही तर निरोप देईल अशा शेजाऱ्याचे किंवा नातेवाइकाचे नाव, आणि त्याचा नंबर. तो नंबर भरून घेतल्यावर जुलैत एकदा लावून पाहावा, कारण चाळीतले आणि पाड्यावरचे नंबर दर सहा महिन्यांनी बदलतात.